मेमरीचे दोन मानकरी

एल आल्तो, १८ जानेवारी

बासिलियाताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, उभ्यानेच घे. फोनवर तू ओरडतेस आणि मी 'ऐकू येत नाही' म्हणतो, त्यापेक्षा कागद बरा. बसचा ड्रायव्हर वाळवलेल्या बटाट्यांची गोणी घेऊन तुझ्याकडे येतोच आहे, त्यात हे पत्र घातलं आहे.

बातमी अशी की माझा कॉम्प्युटर वारला. कॅसेटी शाबूत आहेत, म्हणून मीही शाबूत आहे. गेल्या जुलैत अनाक्लेतोशेठ कार्मेनमातेच्या उत्सवाचे यजमान होते, आख्खी पेठ नाचली, तूही इकीकेहून येऊन बायकांच्या पथकात नाचलीस, आणि तो व्हिडिओ अजून शेठच्या हातात पडलेला नाही. येत्या जुलैत ते यजमानपद दुसऱ्याच्या गळ्यात घालतील, तेव्हा तो सगळ्यांसमोर लावायचा आहे. लागला, तर पुढच्या यजमानाचं चित्रण माझ्याकडे. नाही लागला, तर स्टुडिओला कुलूप लावून मी तुझ्या गोदामात खोकी उचलायला येईन, असं नाताळात मी पिऊन कबूल केलं आहे. प्यायलेला माणूस खरं बोलतो म्हणतात, ते खोटं आहे.

नवं यंत्र विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून रीतीप्रमाणे मानकरी नेमले. लग्नात केक आणून देणारा केकचा मानकरी असतो, बँडचा असतो, अंगठ्यांचा असतो, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? पेटीचा मानकरी मेव्हणा. पडद्याची मानकरीण गल्लीच्या तोंडाशी जेवण विकते ती. बोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर मी जुन्या बाजारातून उचलला, अगदी गरिबाघरचा आहे. मेमरीचा मान तुझा. तुझ्या गोदामात मेमरीच्या पट्ट्या पायाखाली येतात म्हणतेस ना? एक उचलून पाठव.

तुझा धाकटा,
तेओदोसिओ


इकीके, २ फेब्रुवारी

तेओ,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक कंबरेसाठी.

बटाटे पोचले, निम्मे ड्रायव्हरने खाल्ले असावेत. पट्टी त्याच्याच हाती मोज्यात घालून पाठवते. ती तरी खाता येत नाही. गोदामात पायाखाली येतात त्या मेलेल्या असतात. ही माझ्या घरच्या कॉम्प्युटरमधली आहे. जोडी होती, जुळ्या बहिणी. एक तुला दिली, दुसरीवर माझं यंत्र लंगडी घालतंय. घालू दे, मला त्यावर पत्तेच खेळायचे असतात.

गोदामातल्या ओर्तुसारने सांगितलंय ते कान उघडे ठेवून वाच. हिच्या शेजारी दुसरी कुठलीतरी परकी पट्टी बसवू नकोस. दोन पट्ट्या म्हणजे एका जुवाला जुंपलेले बैल. एक मंद निघाला की दुसऱ्यालाही त्याच्या चालीने चालावं लागतं, आणि वरून चाबूक ओढलास तर मंद असेल तो मट्कन खाली बसतो. ओर्तुसार एवढं बोलून 'कदाचित' म्हणाला. तो सगळ्यालाच कदाचित म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नकोस.

अनाक्लेतोचं काम वेळेत कर. माणूस वाईट नाही.

आणि माझा शालीचा काटा तुझ्या घरी राहिलाय का बघ. चांदीचा मासा असलेला, आईचा. उत्सवाच्या संध्याकाळी डोकं फुटायला लागलं म्हणून मी मध्येच निघून आले, त्या गडबडीत कुठे पडला कोण जाणे. इतकी वर्षं समुद्राकाठी काढल्यावर तुमचं ते आभाळाला टेकलेलं गाव सोसत नाही.

गोदामात तुझी जागा धरून ठेवली आहे. खाटसुद्धा.

बासिलिया


एल आल्तो, ११ मार्च

ताई,

काटा सापडला नाही. पट्टी पोचली, बसवली. कार्निव्हलच्या मंगळवारी घर, शिलाई मशीन आणि मेव्हण्याची मिनीबस यांच्याबरोबर कॉम्प्युटरलाही रीतीप्रमाणे बिअर शिंपडली, वर कागदी पट्ट्या, रंगीत टिकल्या. बिअर पेटीवरच टाकली, आत नाही. निदान मी तरी. मेव्हण्याचं सांगवत नाही.

आता ऐक. यंत्र इतकं हळू चालायचं की एक नाच पुरा व्हायच्या आत नाचणारे म्हातारे व्हावेत. बाजारातला एक जण म्हणाला, ओव्हरक्लॉक कर. म्हणजे कारखान्याने जो वेग नेमून दिलाय त्याच्या वर रेटायचं. गरिबाच्या पोराला शिकवणी लावल्यासारखं. मी रेटलं. पहिल्या दिवशी असं धावलं की मी बायकोला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बसलं. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत सुरेख जातं, पाहुण्यांचं आगमन आलं की पडद्यावर हिरवे चौकोन उठतात, माणसांची तोंडं गुळाच्या भेलीसारखी फुटतात आणि यंत्र बंद पडतं. दर वेळी तिथेच! पाहुणे बिअरच्या पेट्या डोक्यावर नाचवत मांडवात शिरतात, तोच तो भाग. प्रत्येक घर व्हिडिओ बघतं ते आपलं आगमन बघायला, आणि इथे सगळ्या पेठेच्या तोंडावर देवी आल्यासारख्या.

बाहेर गारा पडतायत, मी दोन स्वेटरांत, आणि पेटीत मात्र अंडं उकडेल. बाजारवाला म्हणतो, इथली हवा विरळ, पंखा फिरतो पण त्याच्या हाताला काही लागत नाही. बायको म्हणते, दृष्ट. मेव्हणा काहीच म्हणत नाही, त्यामुळे माझा बिअरचा संशय वाढतो. मला विचारशील तर, राग मानू नकोस, तुझ्या पट्टीलाच इथली उंची लागली. तुला लागते तशी.

शेठ दर गुरुवारी खिमा भरलेल्या साल्तेन्या घेऊन येतात, पेटीवर हात ठेवतात, 'होतंय ना?' विचारतात. मग तुझी चौकशी करतात. मग अजून एक साल्तेन्या खातात.

तेओ


इकीके, २५ मार्च

तेओ,

माझ्या पट्टीला नावं ठेवायची नाहीत. तिच्या बहिणीवर इथे मी रोज पत्ते खेळते, एकदाही चौकोन उठला नाही.

पेटी उघड आणि बघ आत पट्ट्या किती आहेत. तू लहानपणी खोटं बोलताना जास्त बोलायचास, आणि मागचं पत्र फार लांब होतं.

अनाक्लेतो चौकशी करतो म्हणजे काय विचारतो? नुसतं 'कशी आहे', की पुढेही काही? मला त्याचं काही नाही. विचारलं आपलं.

बासिलिया


एल आल्तो, ९ एप्रिल

ताई,

दोन आहेत.

ऐकून घे, मग शिव्या दे. तुझी पट्टी यायच्या आधी शेठ आले. म्हणाले, 'तेओदोसिओ, माझाच व्हिडिओ आणि मलाच मान नाही? मेमरीचा मानकरी मी.' मी म्हटलं, 'शेठ, तो मान ताईला दिलाय.' त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की रागावले की खूश झाले ते मला कळेना. म्हणाले, 'मग दोघांचा राहू दे. तिची एक, माझी एक. शेजारी शेजारी.' आणि खिशातून पट्टी काढली. कुठून आणली देव जाणे. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, एका बाजूला डिंक लागलेला. मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यावर टिकल्या टाकल्या. अजून आत आहेत, पंखा फिरला की एखादी बाहेर येते.

आता सांग, मानकऱ्याने दिलेली वस्तू काढून ठेवायची? लग्नात केक आवडला नाही म्हणून मानकऱ्याच्या देखत कुत्र्याला घालतात का? दर गुरुवारी ते 'आपली पट्टी आहे ना आत?' विचारतात. परवा तर पेटी उघडून बघितली. दोन्ही शेजारी बसलेल्या वाकून वाकून बघितल्या. मला वाटलं, चौकोनांबद्दल कोणीतरी सांगितलं. पण म्हणाले, 'छान दिसतात.' मेमरीच्या पट्ट्या छान काय दिसायच्या?

वेग उतरवला तर यंत्र चालतं, पण मग व्हिडिओ पुढच्या जुलैत होईल. चढवला की चौकोन. कोकाची पानं टाकून कौल घेतला, पानांनी 'थांब' म्हटलं. थांबूनच तर बसलोय.

तुझं नाव काढून पुढे काय विचारतात म्हणशील, तर इकीकेला उकाडा फार का, एवढंच. मी म्हटलं, समुद्र आहे. ते म्हणाले, 'हो, समुद्र आहे.'

तेओ


इकीके, ३० एप्रिल

चिरंजीव गाढवास,

मंद बैल सापडला. तरी सांगितलं होतं, परक्याशेजारी बसवू नकोस.

आता असं कर. अनाक्लेतोची पट्टी काढ, लाल रिबीन बांध आणि पेटीच्या दर्शनी भागावर बिल्ल्यासारखी टांग. विचारलं तर सांग, मानकऱ्याची जागा पोटात नसते, छातीवर असते. त्याला ते पटेल. त्याला छातीवरच्या गोष्टी आवडतात.

आत बसवायला दुसरी जुळी बहीण पाठवते आहे. माझं यंत्र आता पूर्ण बंद, पत्तेही गेले. दोघी बहिणी एकत्र असल्या की थोडा वेग चढवलास तरी सोसतील. ओर्तुसार म्हणतो, कदाचित.

व्हिडिओ स्वच्छ निघू दे. एकही चौकोन नको. मलाही बघायचाय.

बासिलिया


एल आल्तो, ४ जून

ताई,

स्वच्छ निघाला. इतका स्वच्छ की माझी झोप उडाली.

बिल्ल्याचं शेठना पटलं; डोळ्यांत पाणीच आलं, म्हण ना. दोघी बहिणी आत बसल्या, यंत्र लोण्यासारखं चाललं. पाहुण्यांचं आगमन आलं, एक चौकोन नाही. मी पहिल्यांदाच तो भाग मोठ्या पडद्यावर बघितला. काम करताना चित्राची खिडकी काडेपेटीएवढी असते, आणि उत्सवात तो कॅमेरा मी तिकाटण्यावर सोडून स्वतः नाचत होतो.

समोर पाहुणे. मागे, डाव्या कोपऱ्यात, बिअरच्या पेट्यांची भिंत. आणि भिंतीआड अनाक्लेतोशेठ! एका बाईबरोबर नाचतायत. नाचतायत म्हणजे बँड मोरेनादाच्या नाचाची धून वाजवतोय आणि हे दोघं जागच्या जागी उभे. शेठनी तिचा हात धरलाय, कपाळ तिच्या खांद्यावर टेकलंय. बाई पाठमोरी, डोक्यावर टोपी, अंगावर पथकाची जांभळी शाल. पथकातल्या सगळ्यांचीच तशी, म्हणून ओळखू येत नाही. पण मी ओळखली: विधवा लेओकादिया. तेवढीच बुटकी, तेवढीच ताठ. तू डोकेदुखीने आधीच निघून गेलीस म्हणून तुला ठाऊक नाही, ती त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलत होती.

म्हणजे त्या हिरव्या चौकोनांनी नेमकी तीच मिनिटं खाल्ली होती! शेठनी ती डिंकाची पट्टी मुद्दाम दिली की काय? त्यांना आधीच ठाऊक होतं? की मेमरीलाच लाज वाटली?

सभागृहात शेठच्या बायको गुमेर्सिंदाबाई पहिल्या रांगेत बसणार. नवऱ्याचं कपाळ आपल्या खांद्यावर नाही हे बायकोला शालीवरून कळतं. तो भाग कापावा तर पाहुण्यांची आगमनं जातात, आणि ज्याचं आगमन जाईल तो मला जिवंत ठेवणार नाही. त्या कोपऱ्यावर फुलं चिकटवावीत, तर सगळी पेठ विचारेल, फुलांखाली काय? दाखवला तर शेठ बुडतात, त्यांच्याबरोबर माझं काम. नाही दाखवला तरी काम जातं. तू म्हणालीस स्वच्छ काढ. आता?

तेओ


इकीके, १४ जून

तेओ,

अनाक्लेतोची पट्टी परत आत घाल. आजच. वेग मिळेल तेवढा चढव. चौकोन येऊ देत. यंत्राच्या चुकीला कोणी काठी मारत नाही.

लेओकादियाला यात ओढू नकोस, ती बिचारी बुटकी आहे हा तिचा गुन्हा नाही. आणि मेमरीला लाज वाटत नाही रे. यंत्र तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नेमका तो भाग येत असेल, इतकंच. अनाक्लेतो मुद्दाम काही करणाऱ्यातला नाही. मुद्दाम काही करायचं असतं, तर तीस वर्षांपूर्वी केलं असतं.

या पत्राचा कागद चुलीत घाल.

बासिलिया


एल आल्तो, २२ जुलै

ताई,

कागद चुलीत घातला. तीस वर्षांपूर्वीचं काय ते मला कळलं नाही, आणि आता वाचायला कागदही नाही.

तू सांगितलंस तसं केलं. एक बहीण काढली, शेठची पट्टी तिच्या जागी घातली, वेग चढवला. आणि मेली अगदी गुणी बाळासारखी चालली! एक चौकोन नाही. कारण काय, तर थंडी. बादलीतलं पाणी गोठतंय, त्यात यंत्र तापणार कसं? मार्चमध्ये मी ज्या चौकोनांना शिव्या घातल्या त्यांची जूनमध्ये मनधरणी केली. पेटीला घोंगडी गुंडाळली. बायकोने चुलीशेजारी नेऊन ठेवली, वर म्हणाली, 'लोक नीट व्हायला औषध देतात, तुम्ही बिघडायला देताय.' शेवटी चौकोन आले. कुठे आले? पाद्रीबाबांच्या आशीर्वादावर! बाबांचं तोंड हिरवं, हात गायब. आणि पाहुण्यांचं आगमन आरशासारखं लख्ख. तेवढ्यात तारीख आली. तसंच घेऊन गेलो.

सभागृह भरलेलं. बाबांचा चेहरा फुटला तेव्हा लोकांना वाटलं दैवी काहीतरी आहे, काहींनी क्रुसाची खूण केली. मग आगमन. एकेक घर आपलं आलं की टाळ्या. मी अंधारात देवाचं नाव घेत होतो. कोपऱ्यात शेठ आले. हात आला. शाल आली.

मागून कोणीतरी म्हणालं, 'आरारा! यजमान कोणाच्या खांद्यावर झोपलेत?'

टाळ्या थांबल्या. सगळ्या माना लेओकादियाकडे. ती ताडकन उठली, 'माझ्याकडे काय बघताय? मी त्या वेळी तुतारीवाल्यापाशी होते!' त्यावर तुतारीवाल्याची बायको उठली. शेठ खुर्चीत असे बसले होते की मला वाटलं, यांनाही घोंगडी लागणार.

मग गुमेर्सिंदाबाई उठल्या. सावकाश. स्कर्टचा घेर सारखा केला आणि म्हणाल्या, 'काय मेले बघतायत! ती मी आहे. नवऱ्याबरोबर नाचायला पथकाची परवानगी लागते का? पुढचं लाव रे तेओदोसिओ, आमच्या भावाचं आगमन येतंय.'

आख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

पण ताई, गुमेर्सिंदाबाई त्या दिवशी यजमानीण होत्या. त्या जांभळ्यात नव्हत्याच. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात होत्या, आणि त्याच व्हिडिओत सुरुवातीपासून पांढऱ्यात दिसत होत्या. हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. टाळ्या प्रत्येकाने वाजवल्या. मीसुद्धा.

नवा यजमान गुमेर्सिंदाबाईंचा भाऊ. काम मला मिळालं. बाईंनीच सांगितलं, 'चित्रण हाच करेल. याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला आवडलं.' तेव्हा गोदामातली जागा कोणाला तरी देऊन टाक.

एक राहिलं. निघताना बाईंनी माझ्या हातात कागदाची पुडी दिली. म्हणाल्या, 'गेल्या वर्षी बिअरच्या पेट्या हलवताना मागे सापडला. तुझ्या ताईला पाठव. म्हणावं, पुढच्या वर्षी ये, पण पथकात नको, माझ्याबरोबर स्वयंपाकात.' उघडून बघितलं तर शालीचा काटा, चांदीचा मासा असलेला. तुझ्यासारखाच आहे. तुझा तिथे कसा असेल, तू तर डोकेदुखीने निघून गेली होतीस. असे मासे पुष्कळ जणींकडे असतात ना? मी विचारत नाही. डोक्यात नुसते चौकोन उठलेत.

या वेळी ड्रायव्हरकडे काटा आणि व्हिडिओची एक प्रत देतो आहे.

तेओ


इकीके, ८ ऑगस्ट

तेओ,

काटा पोचला. आईचाच आहे.

व्हिडिओ बघता आला नाही. माझ्या दोन्ही पट्ट्या तुझ्याकडे आहेत, माझं यंत्र फेब्रुवारीपासून आधी लंगडं आणि आता आंधळं आहे. त्या परत पाठव, दोन्ही, एकाच मोज्यात. तुझ्या पेटीत अनाक्लेतोची पट्टी राहू दे. एकटी असली की चालेल. हळू चालेल.

गुमेर्सिंदाला सांग, येईन. कांदे मी चिरेन. निदान डोळ्यांत पाणी का, असं कोणी विचारणार नाही.

बासिलिया